नेट गेलंय? ह्यांना येऊ दे!

घरातली कुठली कामं कोणाची हे कोणी बसून ठरवलेलं नसतं, तरी ती ठरलेली असतात. गॅसचा नंबर लावायचा तो बाईनं, दूधवाल्याचा हिशेब ठेवायचा तो बाईनं. मीटरचा फ्यूज, टाकीचा कॉक, टीव्हीचा डबा ही पुरुषांची खाती. गेल्या काही वर्षांत या पुरुषांच्या खात्यात आणखी एक वस्तू जाऊन बसली आहे. राउटर! बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर दोन-चार शिंगं उगारून बसलेला, दिवे मिचकावणारा तो पांढरा किंवा काळा डबा. फडकं मारताना आपण त्याला अगदी हलक्या हातानं पुसतो, जणू देव्हाऱ्यातला आहे. आणि तो रुसला की आपल्या तोंडून एकच वाक्य येतं, "नेट गेलंय. ह्यांना येऊ दे." मुलगा मोठा असेल तर, "दादा क्लासहून आला की बघेल."

मैत्रिणींनो, या वाक्याशी मला आज जरा भांडायचं आहे.

पूर्वी ते चालून जायचं. २००४ च्या सरकारी धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेग म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या होती. (२०२३ मध्ये हा आकडा २ मेगाबिटवर नेला.) २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं 'डेटावन' आलं आणि हळूहळू तालुक्याच्या गावांतही घराघरांत नेट पोचलं. घरात एक कॉम्प्युटर, त्याला एक वायर. नेट गेलं तर मुलाचा गेम राहायचा, ह्यांचं ई-मेल राहायचं. बाईचं काही अडत नव्हतं.

आता अडतं. कोणी शिकवण्या ऑनलाइन घेते, कोणाच्या कुर्त्या-ब्लाउजच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, कोणी बचतगटाचे कागद स्कॅन करून पाठवते. घरी बसून दुकानांचे हिशेब लिहिणाऱ्या बायका तर आता प्रत्येक गावात सापडतील. त्यासाठी घरात दुसरा कॉम्प्युटर आला आहे. तो बहुधा कसा येतो, हेही आपल्याला माहीत आहे. पहिला जुना झाला, नवा घेतला, आणि जुना 'हिला काय, बास आहे' म्हणून मागच्या खोलीत गेला. डबा एक, कॉम्प्युटर दोन, आणि नेट जातं ते बहुतेक वेळा मागच्या खोलीतलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २०२१) इंटरनेट कधी तरी वापरलेल्या बायकांचं देशातलं प्रमाण ३३ टक्के निघालं होतं, पुरुषांचं ५७ टक्के. हा आकडा फक्त वापराचा. राउटरचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे, हा प्रश्न ज्यानं-त्यानं आपल्याच घरात विचारून पाहायचा.

माझ्या ओळखीतल्या एकीची गोष्ट सांगते. तालुक्याच्या गावात राहते. चार-पाच दुकानांचे हिशेब लिहिते, त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरते. दरमहा भरणाऱ्यांचं रिटर्न २० तारखेच्या आत जावं लागतं. चुकलं की दिवसाला ५० रुपये लेट फी, काहीच उलाढाल नसेल तर २० रुपये, शिवाय कर भरायचा राहिला असेल तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. हे पैसे दुकानदाराच्या खिशातून जातात आणि मग दुकानदार हिच्या दारात येतो. तेव्हा नेट चालणं ही तिच्यासाठी हौसेची बाब नाही.

तिच्या घरी दोन कॉम्प्युटर. नवऱ्याचा पुढच्या खोलीत, हिचा मागच्या. दोन्हींना राउटरमधून वायर नेलेली. नवऱ्याचा चालू असला की हिचं नेट बंद. त्यांचा बंद केला की हिचं झकास चालू! घरात निदान झालं, "तुझा कॉम्प्युटर म्हातारा झालाय. दोघांचा भार राउटरला झेपत नाही." यावर उपायही घरातच निघाला. ह्यांचं काम आटोपलं की हिनं बसावं. म्हणजे रात्री अकरानंतर. सात महिने ही बाई रात्री अकरा ते दीड काम करत होती आणि पहाटे साडेपाचला नळाचं पाणी भरायला उठत होती. तक्रारही करत नव्हती. म्हणायची, "अहो, मशीनला आपण काय करणार?"

मग एका दुपारी वीज गेली. वीज आली तेव्हा हिनं आपला कॉम्प्युटर आधी लावला. आणि काय आश्चर्य, हिचं नेट सुरू आणि पुढच्या खोलीतलं ठप्प! आता पुढच्या खोलीतलं ठप्प म्हटल्यावर तासाभरात माणूस बोलावला गेला. त्यानं पाहिलं, पाच मिनिटांत दुरुस्त केलं आणि चहा घेऊन गेला. सात महिन्यांत जो माणूस बोलवावासा कोणाला वाटला नव्हता, तो तासाभरात आला. मला राग येतो तो इथं. त्या नवऱ्याचाही नाही इतका. भला माणूस आहे. पण हिची अडचण ही घराची अडचण आहे, असं त्या घरात कोणालाच वाटलं नव्हतं. हिलाही नाही.

दोष काय होता? तो समजून घेण्यासारखा आहे, कारण दोन कॉम्प्युटर असलेल्या कुठल्याही घरात तो होऊ शकतो.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. ठिपके देऊन लिहिलेले चार आकडे. या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी होतात. जगातली माणसं मोजली, त्यांचे फोन, टीव्ही, कॉम्प्युटर मोजले, तर ते पुरतच नाहीत. म्हणून घरातल्या प्रत्येक यंत्राला बाहेरच्या जगातला वेगळा पत्ता मिळत नाही. जुन्या वाड्याचं कसं असे? म्युनिसिपालटीच्या दप्तरी घर नंबर एक, आत बिऱ्हाडं बारा. पत्र वाड्याच्या दारापर्यंत यायचं आणि पुढं कोणत्या खोलीत द्यायचं ते दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या काकांना ठाऊक असायचं. राउटर म्हणजे ते काका. घरातल्या यंत्रांना ते आपले खोली नंबर देतात, १९२.१६८.१.२, १९२.१६८.१.३ असे. हे आकडे घराबाहेर चालत नाहीत. तुमच्याकडे आणि माझ्याकडे तेच असू शकतात, काही बिघडत नाही.

एकाच घरात दोघांना एकच नंबर मिळाला, तर मात्र बिघडतं. राउटर स्वतः नंबर वाटतो तेव्हा सहसा असं होत नाही. तो कोणाला काय दिलं ते लक्षात ठेवतो. पण काही वेळा तंत्रज्ञ येतो आणि पहिल्या कॉम्प्युटरमध्ये हातानं आकडे भरून ठेवतो. पुढं दुसरा कॉम्प्युटर जोडताना तेच आकडे जसेच्या तसे उतरवतो. दोघांचा खोली नंबर एकच! मग जो आधी चालू होतो तो जागा धरून बसतो, आणि मागून आलेल्याला विंडोज दारातच थांबवते. एसटीत रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखं. माझ्या ओळखीतल्या त्या बाईच्या घरी हेच झालं होतं. म्हातारपणाचा किंवा भाराचा काही संबंध नव्हता. एकेकटे दोघेही धडधाकट.

याचा उपाय असा. कॉम्प्युटरच्या 'सेटिंग्ज'मध्ये जा, तिथं 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग वायर असेल तर 'इथरनेट', वायफाय असेल तर आपल्या जोडणीचं नाव. आत 'आयपी असाइनमेंट' किंवा 'आयपी सेटिंग्ज' असं लिहिलेलं दिसेल. तिथं 'मॅन्युअल' असेल तर आधी मोबाइलवर त्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा आणि मग 'ऑटोमॅटिक' करा. दोन्ही कॉम्प्युटरवर. झालं. फोटो एवढ्यासाठी, की काही कारणानं परत तसंच करायचं ठरलं तर आकडे शोधत बसायला नको.

पण दर वेळी दोष हाच असेल असं नाही. तो कसा शोधायचा, हे आपल्याला खरं तर चांगलं येतं. आमटी बिघडली तर आपण मीठ, चिंच, गूळ एकदम लोटत नाही. एक घालतो, चाखतो, मग दुसरं. इथंही एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक कॉम्प्युटर चालतोय आणि दुसरा नाही, म्हणजे बाहेरून येणारं नेट ठीक आहे. तेव्हा कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. चालणाऱ्या कॉम्प्युटरची वायर काढा आणि न चालणाऱ्याला लावा. चालू झाला? मग दोष जुन्या वायरीत. तिच्या टोकाच्या प्लॅस्टिकच्या खटक्याची जीभ तुटलेली असते, वायर सैल बसते, नाहीतर उंदरानं कुरतडलेली असते. नाही चालला, तर दोष कॉम्प्युटरच्या बाजूला. राउटरच्या मागे अशा वायरींसाठी बहुधा तीन-चार भोकं असतात, तेव्हा भोक बदलूनही पाहा. यात इंग्रजीचा एक शब्दही लागत नाही.

थोडं पुढं जायचं असेल तर काळी खिडकी उघडा, ज्याला 'कमांड प्रॉम्प्ट' म्हणतात, आणि इंग्रजी अक्षरांत सलग 'आयपीकॉन्फिग' टाइप करून एंटर दाबा. तिथं आपला पत्ता दिसतो. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर समजा की कॉम्प्युटरला राउटरकडून नंबर मिळालेलाच नाही, त्यानं स्वतःच एक तात्पुरता घेतलाय. म्हणजे गोंधळ कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यामध्येच कुठं तरी आहे. पत्ता नीट १९२.१६८ असा दिसत असेल आणि तरी पानं उघडत नसतील, तर घड्याळ बघा. हो, कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातलं घड्याळ! जुन्या कॉम्प्युटरच्या आतला नाण्याएवढा सेल संपला, की तारीख भलतीच मागे जाते, आणि बँकेच्या, सरकारी कामाच्या साइट उघडायला नकार देतात. माणसाला वाटतं नेट गेलं. सेल मिळतो घड्याळवाल्याकडे, सीआर २०३२ या नावानं.

आता दिवे. फायबरच्या डब्यावर 'पॉवर', 'पीओएन', 'एलओएस', 'लॅन', 'वायफाय' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. चष्मा लावून एकदा वाचून ठेवा, सगळं चालू असताना. कारण निरोगी माणसाचा चेहरा माहीत असला तरच आजारी कसा दिसतो ते कळतं. यातला 'एलओएस' महत्त्वाचा. तो लाल झाला, तर बाहेरून काचेच्या तारेतून येणारा प्रकाश तुमच्यापर्यंत पोचत नाहीये. मग घरात काहीही खटपट करू नका, सरळ तक्रार नोंदवा. फार तर ती बारीक तार कपाटाखाली चेमटली आहे का, कोणी खिळ्याला गुंडाळून तीव्र वाकवली आहे का, एवढं बघा. तार निघाली असेल तर तिच्या टोकाकडे डोळा लावून पाहू नका, मुलांनाही पाहू देऊ नका. आतला लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण अपाय करू शकतो.

आणि राउटर बंद-चालू करणं. हा घरगुती काढा बऱ्याचदा लागू पडतो, नाकारायचं कारण नाही. बटण बंद, अर्धा मिनिट थांबणं, बटण चालू, मग दोन-तीन मिनिटं धीर. पण 'रिस्टार्ट' वेगळं आणि 'रिसेट' वेगळं. डब्याच्या मागे टाचणी जाईल एवढं भोक असतं, ते रिसेट. ते दाबून धरलं तर आतलं सगळं पुसलं जातं. वायफायचं नाव, पासवर्ड आणि बऱ्याचदा कंपनीच्या माणसानं भरलेली माहितीसुद्धा. मग तो माणूस येईपर्यंत अख्खं घर नेटवाचून. तिथं टाचणी न्यायची नाही.

वायफायची तऱ्हा निराळी. जाड दगडी भिंती, कोकणातला जांभा, लोखंडी कपाट, गच्च भरलेली पाण्याची टाकी हे सगळे त्याचे वैरी. राउटर पुढच्या खोलीत कपाटाच्या आड ठेवायचा आणि मागच्या खोलीत नेट येत नाही म्हणून दुसऱ्या कॉम्प्युटरला नावं ठेवायची, हा काय न्याय झाला? आजकालच्या राउटरवरून बऱ्याचदा दोन नावं दिसतात, एकाच्या पुढं '५जी' असं काहीतरी. (मोबाइलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही.) ते ५ गिगाहर्ट्झचं वायफाय. वेगवान, पण भिंती ओलांडताना दमतं. दुसरं २.४ गिगाहर्ट्झचं. वेगाला कमी, पण लांब जातं, आणि मायक्रोवेव्ह चालू असला की अडखळतं. जुन्या लॅपटॉपला कित्येकदा ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसतच नाही. घरात नवा राउटर आला, त्याचं २.४ वालं नाव कोणी तरी बंद करून टाकलं, आणि मग 'तुझ्या लॅपटॉपला नवं नेट झेपत नाही'! मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसाठी माझं साधं मत असं, की तिथवर वायर ओढून घ्यावी. चांगली लॅन वायर १०० मीटरपर्यंत चालते. आपल्या घरात एवढी लागतच नाही. भिंतीला एक भोक पडेल, रंग जरा उडेल. पडू दे.

जुन्या कॉम्प्युटरबद्दल एक मात्र खरं. त्यावर विंडोज १० असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याच्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या आहेत. नेट चालेल, पण ज्यावर बँकेची आणि दुकानदारांची कागदपत्रं उघडली जातात, तो कॉम्प्युटर कुलूप जुनं झालेल्या घरासारखा ठेवणं बरं नाही. तेव्हा पुढच्या दिवाळीला नवा घ्यायचा विषय निघाला, तर तो कोणाच्या टेबलावर जायला हवा हे आधीच बोलून ठेवा. ज्याच्यावर कमाईचं काम चालतं, त्याच्या टेबलावर.

राहता राहिला पासवर्डचा विषय. पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, जो पाहुण्यांनाही सांगतो. दुसरा राउटरच्या आतल्या कारभाराचा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं की तो मागतात. बहुतेक डब्यांच्या पोटाखाली चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर हा पत्ता आणि सुरुवातीचा पासवर्ड छापलेला असतो. तिचा फोटो आजच काढून ठेवा. आतल्या पानावर घरातली कुठली-कुठली यंत्रं या घटकेला जोडलेली आहेत, त्यांची यादी दिसते. शेजारच्या पोराचा फोन त्यात निघाला तर नवल वाटून घेऊ नका! सुरुवातीचा पासवर्ड 'ॲडमिन' असा ढोबळ असेल तर तो बदलायलाच हवा. बदलल्यावर तो घरातल्या दोन मोठ्या माणसांना ठाऊक असावा, आणि त्या दोघांतली एक तुम्ही.

आणि तक्रार. ती नोंदवली की कंपनीनं तिचा नंबर दिला पाहिजे, हा ट्रायचा नियम आहे. तो नंबर लिहून ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका. 'पाठवतो माणूस' हे ऐकून घेऊन काही होत नाही. पण तो नंबर, 'तंत्रज्ञ बारा वाजता येतोय' हा निरोप, 'तक्रार मिटली का' हा प्रश्न, हे सगळं जातं जोडणी घेताना दिलेल्या मोबाइलवर. म्हणजे ह्यांच्या. हे असतात ऑफिसात नाहीतर दुकानात. तंत्रज्ञ फोन करतो, ते उचलत नाहीत, तो 'ग्राहक उपलब्ध नाही' असं लिहून तक्रार बंद करतो, आणि घरात दिवसभर हजर असलेल्या बाईला त्यातलं काहीच कळत नाही. बऱ्याच कंपन्यांकडे जोडणीला दुसरा मोबाइल नंबर लावता येतो. तुमच्या कंपनीला विचारा आणि आपला लावून घ्या. फक्त तो लावताना ओटीपी लागतो आणि ओटीपी येतो जुन्याच नंबरवर. तेव्हा हे काम रविवारी सकाळी, ह्यांचा फोन चहाच्या कपाशेजारी पडलेला असताना उरकून टाका.